ओळखीचा दिवा, आठवणीचा दिवा

"असलं रंगकाम चित्रकलेच्या तासाला शोभतं," असं म्हणत डॉ. शर्वाणी किरपेकरांनी पहिल्या बाकावरच्या मुलाची वही दोन बोटांत धरून उचलली. पिवळा, गुलाबी, पोपटी. एक ओळ म्हणून कोरी सोडली नव्हती. सगळंच महत्त्वाचं! मग महत्त्वाचं ते कळणार काय, डोंबल!

लातूरच्या मेरुशिखर क्लासेसमध्ये आज त्यांच्या स्मृतिदर्शी टोपीची चाचणी होती. मालक वानवे सरांना पटलं, तर चाळीस शाखांमधली मुलं बाईंच्या पद्धतीने अभ्यास करणार होती. वीस वर्षांची मेहनत, आणि ती जोखणार कोण, तर गाइडं विकून मोठा झालेला हा माणूस! बाईंना शिसारीच आली.

"टोपीला दोन दिवे कशाला?" वानव्यांनी विचारलं.

"डावा ओळखीचा, उजवा आठवणीचा. तेच तेच वाचलं की मेंदूला ते ओळखीचं वाटतं आणि माणूस समजतो, मला येतं. पण पुस्तक मिटून, डोकं खाजवून जे बाहेर काढाल तेवढंच पक्कं होतं. बाकीचं विरतं."

"पण आठवायला लावलं की पोरं चुकतात मॅडम. मग पालक ओरडतात."

"ओरडू देत."

रंगीत वहीवाल्याला टोपी चढवली. धडा उघडा होता तोवर डावा दिवा हिरवागार. धडा मिटून प्रश्न विचारला, तर उजवा लालभडक. त्याच्या मागच्या पाचही जणांची तीच गत. बाईंना अगदी मनापासून आनंद झाला.

"उजवा लाल, तो शेवटच्या बाकावर. आजपासून हाच नियम," त्यांनी फर्मावलं. सहाही मुलं दप्तरं उचलून मागे गेली.

मुलींच्या बाजूला, शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड प्रणिता गव्हाणे एकटीच बसली होती. तिची वही जवळजवळ कोरी. "हिला तर टोपीही नको. वाया जाईल," बाई म्हणाल्या. वर्ग खिदळला.

प्रणिता उभी राहिली. "मॅडम, तुम्ही घालून दाखवा ना. काल अभ्यासाच्या पाच पायऱ्या सांगितल्यात, त्याच सांगा."

"हात्तिच्या!" बाईंनी टोपी चढवली आणि पायऱ्या झळकत होत्या त्या पडद्याकडे वळल्या. डावा दिवा हिरवा झाला.

"पडदा बंद करून, मॅडम. तुम्हीच म्हणालात."

वानव्यांनी लगबगीने बटण दाबलं.

"पहिली, पुस्तक मिटणे. दुसरी, मध्ये दिवस जाऊ देणे. तिसरी..."

वीस वर्षं, शेकडो व्याख्यानं, आणि तिसरी पायरी दर वेळी पडद्यावर आयती यायची. त्यांनी ती वाचली होती, आठवली कधीच नव्हती. उजवा दिवा त्यांना स्वतःला दिसत नव्हता, पण तो लाल झाल्याचं समोरच्या चेहऱ्यांवरून कळत होतं.

"तिसरी, चुकलेलं आधी विचारणे," प्रणिता म्हणाली. "चौथी, विषय मिसळणे. पाचवी, दुसऱ्याला समजावणे."

"तुझी... तुझी वही तर कोरी आहे!"

"खांबामुळे इथून फळा, पडदा काहीच दिसत नाही, मॅडम. नुसतं ऐकायचं आणि खोलीवर जाऊन आठवायचं. दुसरा इलाज काय?"

"पटलं बुवा!" वानवे टाळी वाजवत म्हणाले. "टोपी खरं बोलते. चाळीसही शाखांना लावू."

बाईंना हवं ते मिळालं होतं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. कुणी हसत नव्हतं, आणि तेच जास्त झोंबलं.

प्रणिताने दप्तर मांडीवर घेतलं आणि ती भिंतीकडे सरकली.

"या ना मॅडम," ती म्हणाली. "जागा आहे."