उरलेली अर्धी नमान

सायबीण आमच्या घरी यायची होती त्या दिवशी मी पेडण्याच्या बाजारात मेणबत्त्या आणायला गेले आणि इनासचे डायपर घेऊन परत आले. मेणबत्त्या राहिल्या. आता बोला.

सायबीण म्हणजे मरियेची मूर्ती. वर्षातून एकदा ती वाड्यावर घराघरांत फिरते. एक रात्र एका घरी, दुसऱ्या संध्याकाळी गात गात पुढच्या घरी. पूर्वी आमच्या वाड्यावरचा तिचा मुक्काम संपता संपायचा नाही. आता अर्धा वाडा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेलाय. सायबीण बिचारी कुलपं बघत पुढे जाते.

"पियेदादचं घर सोडूया," सांतान म्हणाला. वाड्यावरच्या प्रार्थनांचं सगळं तोच बघतो. "बंद घरात तेर्स कोण म्हणणार? कुलूप?"

"चावी माझ्याकडे आहे रे."

"मग काय, चावी म्हणेल?"

सगळे हसले. मीही हसले. हसण्यात मी कधी मागे नसते. त्यामुळे झालं काय, सायबीण माझ्याकडे एक दिवस आधी आली. चणे घाईघाईत उकडले ते अर्धे कच्चे, आणि मेणबत्त्यांची ही अशी गोष्ट.

पियेदाद आंटी आमची शेजारीण. मधे एक कमरेइतकी भिंत. रोज संध्याकाळी ती तिच्या दारापुढच्या बाल्कांवात, मी माझ्या, आणि आमचा तेर्स भिंतीवरून चालायचा. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते, तेर्स म्हणजे माळ ओढायची आणि एकेका मण्याला एक नमान, म्हणजे मरियेची प्रार्थना, म्हणायची. नमान दोघांत म्हणतात. पहिली अर्धी एकाने, उरलेली अर्धी दुसऱ्याने. माझ्याकडे पहिली, आंटीकडे दुसरी. दुसरीत मरियेला आमच्यासाठी देवाकडे माग म्हणतात, आणि तिचा शेवट असा आहे, "आतां आनी आमच्या मरणाच्या वेळार." आंटी मात्र "आमच्या"च्या जागी दम घ्यायची आणि म्हणायची, "म्हज्या मिंगेलाच्या."

पाद्रीने एकदा तिला हटकलं. "आंटी, 'आमच्या'त सगळेच येतात."

"मिंगेल कुठे येतो, फादर? तो स्विंडनातून येतच नाही."

मिंगेल तिचा एकुलता. दर नाताळाला येणार असायचा. आंटीच्या आल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यावर, त्याच्या नावाची एक जाड मेणबत्ती होती, ती रोज तेर्सापुरती लावायची आणि विझवून ठेवायची. आंटी गेली तेव्हा मिंगेलने पुरणं मोबाइलवर बघितलं. मला लुर्दू म्हणणारी ती एकटीच. जायच्या आधी म्हणाली होती, "लुर्दू, आख्खी नमान एकट्याने म्हणू नको. तू तुझी अर्धी म्हण. उरलेली कोण ना कोण म्हणतलोच."

कोण म्हणणार? घरात मी आणि इनास. इनास माझा नवरा. एके काळी डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा, खाणी बंद पडल्यावर टॅक्सी. ट्रक असो की टॅक्सी, त्याचं तोंड कधी बंद पडलं नाही. लग्नापासून मी म्हणायचे, देवा, या माणसाला जरा गप्प कर. माझ्या सगळ्या मागण्यांतली तेवढीच वर पोचली. झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. नुसते डोळे. पाणी हवं का, दुखतंय का, मी कोण ते कळतंय का, सगळं त्या डोळ्यांतून ओळखायचं.

मग मी त्याचा आवाज परत मागायला लागले. नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना केल्या. जुन्या गोव्याला चालत गेले, पायाला फोड आले. मागच्या घरातल्या सुविधाने तिच्या सातेरी देवीला माझ्या वतीने गाऱ्हाणं घातलं. पाद्री म्हणाला, "लुर्दिना, देव तीन उत्तरं देतो. हो, नाही, आणि थांब."

मी म्हटलं, "फादर, आधी फोन उचलू दे. मग कुठलं ते बघू."

तर मेणबत्त्या. माणसं अंगणात यायला लागलेली, गाणं रस्त्यापर्यंत आलेलं. चावी घेतली आणि आंटीचं घर उघडलं. आत दमट अंधार, वटवाघळाची घाण आणि त्यातूनही आंटीच्या व्हिक्सचा वास. आल्तारावर मिंगेलची मेणबत्ती होती, वीतभर उरलेली. उचलली. विचार काय करायचा होता? मेण ते मेण.

सायबीण आली, तेर्स झाला, चणे वाटले. कोणी चावू शकलं नाही, तरी छान झालेत म्हणाले. सगळे गेले. जेवणाची वेळ झाली होती. तेवढ्यात दिवे गेले. सायबिणीपुढे तेवढी ती एक मेणबत्ती, आणि पलीकडे खाटेवर इनासचे डोळे.

आणि मला असा काही वैताग आला म्हणून सांगू! पेज भरवायची होती, कूस बदलायची होती, भांडी पडली होती. मी सायबिणीपुढे बसले, हातात माळ घेतली आणि सरळ सांगितलं, "हे बघ, आजपासून मी माझी अर्धी म्हणणार. उरलेल्या अर्धीचं तू काय ते बघ. नाही जमलं, तर उद्या जाताना ही माळ पण घेऊन जा."

पहिली अर्धी म्हटली आणि थांबले. काही नाही. बाहेर रातकिडे तेवढे. दुसरा मणी. काही नाही. मला हसू आलं. चाळीशी उलटलेली बाई मूर्तीशी रुसून बसलीय.

तिसऱ्या मण्याला भिंतीपलीकडून कुजबुज आली.

वाटलं, कोणीतरी मागे राहिलंय. पुढचा मणी ओढला. कुजबुज माझ्या बाल्कांवात. त्याच्या पुढच्याला दाराशी. शब्द नीट लागत नव्हते, पण चाल माझ्या ओळखीची होती. शेवटाला जरासा दम... आणि मग उरलेलं. व्हिक्सचा वास आला. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.  मग काय, घाबरलेली बाई जे करते तेच केलं. पुढची नमान म्हटली.

उत्तर खाटेवरून आलं.

इनासचे ओठ हलत होते. अर्धं तोंड वाकडं, पण आवाज त्याचाच. तोच जाडा, टॅक्सी स्टँडवर ऐकू जाणारा आवाज. "...आतां आनी..." त्याने दम घेतला. "...म्हज्या मिंगेलाच्या मरणाच्या वेळार. आमेन."

मी रडले, पण माळ सोडली नाही. सोडली असती आणि तो परत गप्प झाला असता तर? शेवटच्या मण्यापर्यंत गेले. सुविधा मागच्या दाराने धावत आली, हात पिठाने माखलेले.

"लुर्दिनबाय, इनासबाब बोलले? मी ऐकलं गो! माझ्या सातेरीने केलं!"

"कोणी केलं ते... ते नंतर ठरवू," मी म्हटलं.

म्हापशाचा डॉक्टर म्हणाला, होतं असं. पाठ असलेलं डोक्यात वेगळ्या ठिकाणी असतं, ते कधी कधी शाबूत राहतं. असेल. पण इनासला तेर्स पाठ? लग्नात पाद्रीच्या मागून चार शब्द म्हणताना अडखळलेला माणूस तो. आणि दिवसभर हाक मारा, चिमटा काढा, एक अक्षर नाही. संध्याकाळी ती मेणबत्ती लावून मी माझी अर्धी म्हटली की उरलेली त्याची. मी आवाज मागितला होता, आवाज मिळाला. शब्द कोणाचे ते मागताना सांगायचं राहिलं. देवाकडे मागायचं म्हणजे सरकारी अर्जापेक्षा वाईट. सगळं बारीक लिहावं लागतं.

तरी मी खूश होते, खोटं कशाला बोलू. रोज त्या आवाजासाठी बसायचे. मेणबत्ती बोटभर राहिली, मग नखाएवढी, मग एका संध्याकाळी नमान अर्ध्यावर असतानाच फडफडून विझली. इनास अंधारात "म्हज्या"वर थांबला. पुढचं नाव आलंच नाही.

सकाळी स्विंडनहून फोन. मिंगेल रात्री झोपेत गेला. पन्नाशीही नव्हती. त्याला आईच्या शेजारी पुरायला इथे आणणार होते.

आंटीचं घर मीच झाडलं, आल्ताराला तेवढा हात लावला नाही. पेटी आणून हॉलमध्ये ठेवली. सांतान डोळे पुसत म्हणाला, "मिंगेल घरी आला म्हणायचा."  मी त्या रिकाम्या आल्ताराकडे बघत होते. तिथे धुळीत मेणबत्तीच्या बुडाएवढा एक गोल अजून स्वच्छ होता.

त्यानंतर चार दिवस मी माळेला हात लावला नाही. इनास गप्प. संध्याकाळ झाली की माझ्याकडे बघायचा. मी त्याची कूस बदलली तरी मान वळवून बघायचा. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आता सांगा, काय करायचं होतं मी? देव नाही म्हणावं, तर हा बोलला होता. आहे म्हणावं, तर ही असली रीत! आंटी आयुष्यभर मागत राहिली, कधी रुसली नाही. मी रुसले तर लगेच उत्तर आलं, आणि ते हे.

पाचव्या दिवशी माझ्या पैशांची, बाजारातली नवी मेणबत्ती लावली. म्हटलं, ही तरी कोणाची उष्टी नाही. सायबिणीच्या फोटोपुढे बसले. माझी अर्धी म्हटली.

इनास लगेच बोलला. जणू वाटच बघत होता. "...आतां आनी..." दम घेतला. "...म्हज्या लुर्दूच्या मरणाच्या वेळार. आमेन."

इनासने मला जन्मात लुर्दू म्हटलेलं नाही. तो मला "अगो" म्हणतो.

सुविधा म्हणते, कशाला म्हणतेस मग, सोड ना ते. नाही सोडवत. त्याचा आवाज आहे तो. आणि माझ्या त्या वेळेसाठी कोणीतरी रोज मागतंय, यात वाईट काय, असंही वाटतं. दिवसा वाटतं. संध्याकाळी तेवढं वाटत नाही. तरी बसते. माझी अर्धी म्हणते.

फक्त मेणबत्ती मी तेर्स झाला की लगेच विझवते. फुंकर घालून नाही, थुंकी लावून चिमटीत धरून विझवते, आणि पेडण्याहून मिळेल तेवढी जाड आणते. काल तीन आणल्या. डायपर विसरले.

पण रात्री विझवताना नखाने खूण करून ठेवते ना, तर सकाळी ती खूणच नसते, मेण तिच्याही खाली जळून गेलेलं असतं.