‘येतो’ म्हणायचं नसतं

मी केसर. सुकी मासळी विकते, बोर्ली पंचतनच्या बाजारात बसते. गिऱ्हाईक देवाच्या शपथा घालायला लागलं तरी मी तराजूच्या काट्याकडेच बघते. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर म्हणाल, कोळणीच्या अंगात आलंय, काहीही बरळते.

आमच्या वाडीमागे थांबदेवाचा डोंगर आहे. चैत्रात सगळी वाडी वर चढते, नारळ फोडते, तिथंच जेवते आणि उन्हं कलायच्या आत उतरते. देवळापाशी फळ्यावर कुणा ऋषीच्या तपाची गोष्ट रंगवली आहे, ती मुंबईच्या पाहुण्यांसाठी. आमची गोष्ट वेगळी. सहा भावांनी सातव्याला, धाकट्याला, तिथं दगडांनी ठेचला. तो पाणी मागायला लागला, तेव्हा ‘घेऊन येतो’ म्हणून ते उतरले, आणि एकही परत फिरला नाही. म्हणून निघताना तिथं ‘येतो’ म्हणायचं नसतं. ‘जातो’ म्हणायचं. एरवी कुणाच्या दारात ‘जातो’ म्हटलं तर घरची माणसं अंगावर येतील, पण थांबदेवाला तेच सांगायचं.

माझा भाऊ विनेश उरणला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. आई गेली तेव्हा तो चड्डीत होता, त्याला मीच वाढवला. माझं लग्न राहिलं ते राहिलंच, त्याची मला खंत नाही. यंदा बऱ्याच वर्षांनी तो जत्रेला आला. चढताना धापा टाकत होता, “बसून बसून पोट सुटलंय मेल्याला,” म्हणून मी त्याला चिडवत होते. वर भाकरी खाल्ली, हात जोडले आणि निघताना सवयीनं बोलून गेला, “येतो, देवा.”

कृष्णाजी गुरव गाभारा झाडत होते. ते तिथंच थांबले.

“काय म्हनलास?”

“तोंडातून निघालं, काका.”

“मग शब्द फिरव. जातो म्हन.”

विनेश हसला. ‘जातो’ म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि त्याचे दात जिभेवर असे मिटले, की कचकन झालेलं मला ऐकू आलं. हनुवटीवरून रक्त ओघळलं. त्यानं परत म्हणून बघितलं, परत तेच. मी गुरवांवरच खेकसले, “कशाला घाबरवताय त्याला? जीभ चावली, बास.” गुरवांनी गाभाऱ्याचं दार ओढून घेतलं.

खाली आल्यावर तो बरा होता. मग एका दुपारी जेवता जेवता उठला, “येतो गो ताय,” म्हणाला आणि खरकट्या हातानं, अनवाणी चालू लागला. मला वाटलं, टपरीवर गेला असेल. गुराख्यांनी त्याला डोंगराच्या पायथ्यावरून धरून आणला. विचारलं तर म्हणे, “मी कुठं गेलो?” खोटं बोलत नव्हता. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात.

दुसऱ्या वेळी मी दार लावलं होतं. त्यानं ते कपाळानं फोडलं. शेजारचा अल्पेश आडवा आला, तर त्याच्या जबड्यावर वरवंटा घातला. अल्पेशचे दात अंगणात सांडले. आणि हे सगळं करताना विनेश रडत होता.

“सोड गो ताय. तो वाट बघतोय. मी येतो म्हनलोय.”

वाडीतल्या माणसांनी त्याला खाली पाडला आणि मी बोटीच्या दोरीनं खांबाला बांधला. म्हसळ्याच्या डॉक्टरांनी सुई दिली, मुंबईला मेंदूच्या डॉक्टरला दाखवा म्हणाले. मला पटलं, गाडी ठरवली. सगळे पांगले. गाडी यायच्या आधीच तो दोरीला हिसके द्यायला लागला. मनगटाची साल निघाली, मग मांस दिसलं, तरी ओढतच होता.

दोरी तुटली.

मी त्याचा पाय धरला. त्यानं माझ्या तोंडावर लाथ घातली. आणखी एक घातली. माझ्या हाताला ओटीवरचं वल्हं लागलं.

मी ते त्याच्या नडगीवर घातलं. हाड मोडलं नाही. म्हणून परत घातलं.

तो खाली बसला. “काय केलंस गो, ताय?” म्हणाला, अगदी माझ्या विन्याच्या आवाजात. त्याला कुशीत घेऊन मी धाय मोकलून रडले. पण मनात म्हटलं, राहिला. लंगडा का होईना, राहिला.

आलेल्या गाडीनं म्हसळ्यालाच नेला, मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलं; आता पळणार कुठं, म्हणून मुंबई राहूनच गेली. सगळा वैशाख तो ओटीवर खाटेला खिळून होता. मी बाजार सोडला. भांडं मीच धरायचे, अंग मीच पुसायचे. त्याचा पाय जमिनीला लागला नाही, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन. फक्त दुपारी झोपेत तो धापा टाकायचा आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता.

काल प्लॅस्टर काढायला नेलं. डॉक्टरांनी आधी पायाचा फोटो काढला, तो उजेडासमोर धरला आणि माझ्यावर भडकले.

“ह्याला चालवलं कोणी? हाड जुळलेलंच नाही. टोकं एकमेकांवर घासून गुळगुळीत झालीत.”

“खाटेवरून हलला न्हाय, डॉक्टर.”

त्यांनी करवत लावली. प्लॅस्टर बाहेरून कोरं होतं, कुठं तडा नाही, टाचेला मातीचा डाग नाही. आत मात्र पोटरी सोलून निघाली होती, आणि त्या सोललेल्या मांसात कुसळं रुतली होती. डोंगरावरच्या गवताची. म्हणजे तो जात होता. मी उशाशी बसलेली असताना, मी मोडलेल्या पायानं, रोज चढत होता.

नर्स चिमट्यानं एकेक कुसळ ओढायला लागली. विनेश कण्हलासुद्धा नाही. डॉक्टरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यानं मला जवळ बोलावलं.

“ताय,” तो म्हणाला, “दुसरा पाय नको मोडूस गो. सरपटत लई वेळ लागंल.”