लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह

हे खरं घडलेलं आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, मला वाद घालायचा नाही.

आणि काळोखी रात्र, रडणारी कुत्री वगैरे यात काही नाही. गुरुवारची लख्ख दुपार होती. वेळ सव्वातीन. जागा म्हणजे आमच्या घराची मागची खोली, जिथे ताईचं भरतकामाचं मशीन आहे.

ताई, माझी मोठी बहीण. तिला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

हाताने भरून भरून तिच्या बोटांची चाळण झाली, तेव्हा तिने हे मशीन घेतलं आणि जागा आहे म्हणून माझ्याकडे ठेवलं. पंधरा सुया आणि पुढे एक छोटी स्क्रीन. डिझाईन ती कॉम्प्युटरवर बनवायची आणि पेनड्राइव्हने मशीनमध्ये घालायची. पेनड्राइव्ह दोन. पांढरा दोरा बांधलेला रोजच्या कामाचा. लाल दोऱ्याचा जपून ठेवायचा, त्यात सगळी डिझाईन्स.

"लाल दोऱ्याचा मशीनला लावायचा नाही," हे तिने मला शंभरदा सांगितलं असेल. "मशीन जुनं आहे. पेनड्राइव्ह ओळखला नाही तर पुसू का म्हणून विचारतं. मशीन गेलं तर दुसरं घेऊ गं. डिझाईन गेलं तर कुठून आणशील?"

शेवटचं डिझाईन तिने आजारपणात, पलंगावर बसून केलं. लेकीच्या पांघरुणासाठी. वाळत घातलेले कपडे. एक दोरी, तिच्यावर लेकीचा फ्रॉक, मग दोन रंगांचे दोन मोजे, कारण भाची तसेच घालते. आणि टोकाला ताईची ओढणी, वाऱ्याने फ्रॉककडे उडालेली.

पांघरूण भरायचं राहून गेलं.

ती गेल्यावर पंधरा दिवसांत भाऊजींनी तिचा कॉम्प्युटर विकला. मला विचारलंसुद्धा नाही! म्हणे समोर दिसला की त्रास होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह तेवढा त्यांनी आणून माझ्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, तो रिकामा आहे.

भाऊजींना मी नाही नाही ते बोलले. नातेवाइकांसमोर बोलले. आणि आठ वर्षांच्या भाचीला जवळ घेऊन म्हणाले, "तुझ्या बाबांनी आईचं चित्र पुसलं."

त्या दिवसापासून पोरगी बापाशी बोलेनाशी झाली. भाऊजी ताट वाढायचे, ती ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायची. शाळेतून थेट माझ्याकडे यायची आणि हे सगळं मला सांगायची.

मला बरं वाटायचं.

तर त्या गुरुवारी मी टॉवेलवर नाव भरत होते. डिझाईन मशीनमध्ये घेऊन पांढरा पेनड्राइव्ह काढून ठेवला होता. अचानक लाइट गेले. पंखा थांबला. सुई थांबली.

खोली एकदम गप्प...

आणि स्क्रीन उजळली.

पंखा बंदच होता. फक्त स्क्रीन चालू, आणि तिच्यावर लिहिलेलं: पेनड्राइव्ह वाचता येत नाही. सगळं पुसायचं? खाली दोन चौकोन. हो. नाही.

पण मशीनला पेनड्राइव्ह नव्हताच...

मी 'नाही' दाबलं. प्रश्न गेला. परत आला. अकरा वेळा दाबलं.

शुक्रवारी सव्वातीनला तेच. शनिवारी मी प्लगच काढून ठेवला.

तरीही तेच.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने सगळं खोलून पाहिलं आणि म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. तुम्ही जरा आराम करा." असा संताप आला! मशीनचं काही कळलं नाही की लगेच बाईच्या डोक्यात बिघाड.

मग मी भाऊजींना फोन केला. "या, आणि तुमचे प्रताप डोळ्यांनी बघा."

ते आले. प्लग माझ्या हातात होता. सव्वातीनला स्क्रीन उजळली. भाऊजींनी प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे वळले.

"लाल पेनड्राइव्ह तू मशीनला लावला होतास?"

"तुम्ही रिकामा दिलात. आता माझ्यावर ढकलू नका!"

"तुला देण्याआधी मी ते चित्र ऑफिसात उघडलं होतं. अर्धा तास बघत बसलो होतो."

टक.

सुई खाली आली...

टक. टक. टकटकटक...

कापड ताणून धरायच्या रिंगमध्ये कोरा टॉवेल होता. त्याच्यावर दोरी उमटली. मग फ्रॉक. मग एक निळा मोजा. तिथे मशीन थांबलं. स्क्रीनवर पुन्हा तोच प्रश्न.

या वेळी 'नाही'चा चौकोन नव्हता. फक्त 'हो'.

"हो!" मी किंचाळले. "मीच लावला! कॉम्प्युटर विकलात म्हणून डोकं फिरलं होतं माझं. म्हटलं, आजच्या आज पांघरूण भरून दाखवते. काय विचारलंय ते वाचलंच नाही. हो दाबलं. झालं समाधान?"

हे मी भाऊजींना विचारलं की ताईला, मला माहीत नाही.

स्क्रीन विझली.

"साडेतीन महिने माझी पोर माझ्याशी बोललेली नाही," भाऊजी म्हणाले. "मला काय सांगतेस? तिला सांग. आज."

चार वाजता भाची आली. तिला सांगितलं. ती रडली नाही, की 'मावशी, असं का केलंस' म्हणून विचारलं नाही. तिने बापाचा हात धरला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला मशीनने दुसरा मोजा भरला. पिवळा.

कोणत्याच सुईत पिवळा दोरा नव्हता...

या गोष्टीला सात आठवडे झाले. ओढणी अजून आलेली नाही. टॉवेल तसाच रिंगमध्ये आहे. भाची घरी येत नाही. रोज सव्वातीनला स्क्रीन उजळते, प्रश्न येतो, आणि खाली फक्त 'हो'.

मला अजून राग येतो. कॉम्प्युटर विकला त्याचा येतोच. पण डिझाईन पुसलं म्हणून ताई दोन दिवस भांडली असती आणि विसरली असती. तिचा राग त्यासाठी नाही, हे मला कळतं. तिच्या लेकीचा मी बाप तोडला.

आता अजून कुणाला सांगायचं राहिलंय? खूप विचार केला. ज्या नातेवाइकांसमोर मी भाऊजींची अब्रू काढली, त्यातले निम्मे हे पेज वाचतात. त्यांच्यासाठी लिहिते. पुसलं मी. भाऊजींनी नाही.

तीन वाजून चौदा मिनिटं झालीत. मशीनचा प्लग माझ्या मांडीवर आहे. मोबाइल विचारतोय, पोस्ट करायचं का. इथे 'हो' आहे आणि 'नाही'सुद्धा आहे.

बोट अजून कुठेच टेकवलेलं नाही...

आणि शेजारी मशीनमध्ये टक झालं.