येते म्हणा

विशाखा भिंतीत अडकली होती. कमरेपर्यंत आत, पाय बाहेर, आणि पाठीवरचे निळे पंख उगीच फडफडत होते.

खऱ्या विशाखाला काही झालं नव्हतं. ती छावणी भागातल्या चष्म्याच्या दुकानातून नुकतीच पुंडलिकनगरला घरी येऊन, लॅपटॉपसमोर पोहे खात बसली होती. अडकली होती ती तिची खेळातली महानायिका, वीजपंखी. 'कवचनगर' हा ऑनलाइन खेळ बाजारात यायला अजून सहा महिने होते. त्याआधी तीनशे जणांना पंधरा दिवस खेळून बघायला बोलावलं होतं. रोज खेळून झालं की काय आवडलं, काय खटकलं, ते कळवायचं. विशाखानं लिहायला घेतलंच होतं : 'शहर सुंदर आहे. भिंती मात्र माणसं गिळतात...'

तेवढ्यात कानात आवाज आला.

"अडकल्या का ताई?"

समोर लोखंडी चिलखतातला एक धिप्पाड गडी. डोक्यावर नाव तरंगत होतं – लोखंड्या.

"ताई नका म्हणू."

"बरं, मावशी म्हणतो. हात द्या."

हसता हसता तिला पोह्यांचा ठसका लागला. त्या खेळात हात धरला की बोटांभोवती हलकासा उजेड पडायचा. एवढंच. पण खऱ्या विशाखानं तेव्हा आपला तळहात ओढणीला पुसला, हेही खरं.

"चला, चौकापर्यंत उडत जाऊ," ती म्हणाली.

"मी नाय उडत."

"महानायक आणि उडत नाही?"

"उडलं की मळमळतं मला. खरंच. चालतच फिरतो."

मग दोघं चालले. वर आभाळात सगळे महानायक सुसाट, आणि खाली रिकाम्या रस्त्यावर हे दोघं, भाजीला निघाल्यासारखे. पाऊस लागला. कवचनगरातला पाऊस छत्रीतून आरपार पडायचा.

"हे कळवाय पाहिजे," तो म्हणाला. "छत्री गळती."

"नका कळवू. राहू द्या ना... छान दिसतं."

"राहू देतो. तुम्ही म्हणता म्हणून."

त्याच दिवशी तिनं बजावलं, "एक सांगते – नाव, गाव, नंबर, काही विचारायचं नाही."

"नाय विचारणार."

दोन दिवसांत विचारेल, असा विशाखाचा अंदाज होता. त्या बाबानं खरंच विचारलं नाही. चौथ्या दिवशी तिला त्याचा रागच यायला लागला.

निघताना ती "जाते" म्हणाली की तो अडवायचा.

"जाते नाय. येते म्हणा."

"खेळच तर बंद करतेय."

"तरी बी. माझी माय दाराशी उभी राहती. येतो म्हणल्याबिगर चप्पल घालू देत नाय."

"...बरं. येते."

"या," तो म्हणायचा. असं म्हणायचा की लॅपटॉप मिटवल्यावरही ते 'या' खोलीतच राहायचं.

त्याच्या बोलण्यामागं सारखं काहीतरी वाजायचं. टप्... टप्‌टप्. टप्... टप्‌टप्.

"काय आहे हो ते?"

"खाली चुलत्याची पिठाची गिरणी हाय. पट्ट्याला सांधा मारलाय, तो वाजतो. नवा पट्टा आणू आणू म्हणत साल गेलं."

आणि मंगळवारी संध्याकाळी त्याच्याकडून एक विमान गडगडत गेलं. "ऐकू येईना, थांबा," तो म्हणाला. विशाखा थांबली. मनात बारा आकडे मोजून होतात न होतात, तोच ते विमान तिच्या स्वतःच्या खिडकीवरून गेलं.

तिच्या हातातला चहा तसाच राहिला. म्हणजे तो विमानतळाजवळचा, चिकलठाण्याचा! रिक्षानं वीस मिनिटं...

ती बोलली नाही. नियम तिचाच होता, आणि स्वतःचा नियम पहिल्यांदा आपण कसा मोडायचा? पण रोज विमानाच्या वेळेला ती खिडकी उघडून बसायला लागली.

शेवटच्या रविवारी संध्याकाळी सहाला कवचनगर पुसलं जाणार होतं. माणसं, नावं, ओळखी, सगळं. पुन्हा उघडेल तेव्हा लाखभर लोक येतील, त्यात लोखंड्या कोण आणि कुठला? चौकात सगळे महानायक नाचत होते. हे दोघं पायरीवर बसून होते, छत्रीतला पाऊस अंगावर घेत.

"एक विचारू का?" तो म्हणाला.

"विचारा."

टप्... टप्‌टप्.

"...नाय. राहू द्या. शब्द दिलाय."

विचार ना रे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पडद्यावर दहा सेकंद उरले होते.

"जाते मी," ती कसंबसं म्हणाली.

"काय?"

"...येते."

"या."

पडदा काळा झाला.

कंपनीचा शेवटचा प्रश्न होता – 'खेळात पुन्हा पुन्हा का आलात?' विशाखानं लिहिलं, 'चालायला.' त्यांना ते कळलं नसणार.

आठवडा असाच गेला. दुकानात चष्मे पुसताना, रिक्षात, ताटावर, एकच शब्द मागं लागला होता. येते म्हणालीस ना? मग?

पुढच्या रविवारी ती दोन किलो ज्वारी पिशवीत घालून निघाली.

"आपल्या गल्लीतली गिरणी बंद पडली का गं?" आईनं, आशाबाईंनी, विचारलं.

"चिकलठाण्याचं पीठ मऊ येतं."

पहिली गिरणी घरघरत होती. दुसरी मुकाट. ती दारात डोळे मिटून ऐकायची, लोक बघायचे, आणि मग लाजेकाजेस्तव थोडी ज्वारी दळून घ्यावीच लागायची. तीन रविवारांत घरातले सगळे डबे पिठानं भरले. आशाबाई भाकरी थापता थापता नुसतं बघायच्या. एकदा म्हणाल्या, "मऊ पीठ सापडलं की सांग बाई. हात दुखायले."

चौथ्या रविवारी, विमानतळाच्या भिंतीमागच्या एका बोळात... टप्. टप्‌टप्.

तिचे पाय तिथंच थांबले.

आत एक किडकिडीत तरुण पाठमोरा उभा होता. धिप्पाड तर मुळीच नाही. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ, चष्म्यावर तर इतकं की त्याला काही दिसत असेल, असं वाटेना.

"गहू का ज्वारी?" त्यानं वळता वळता विचारलं.

"ज्वारी," ती म्हणाली. "बारीक दळा."

त्याचा हात खटक्यावरच राहिला. मग त्यानं खटका खाली ओढला. पट्टा दोनदा वाजला आणि थांबला.

ती जवळ गेली. त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, पर्समधल्या दुकानाच्या मऊ फडक्यानं पुसला – दिवसाला चाळीस पुसते ती, पण एवढा वेळ एकालाही लागला नव्हता – आणि परत त्याच्या डोळ्यांवर ठेवला.

तो बघत राहिला.

"इंद्रजीत," तो हळूच म्हणाला. "विचारलं नाय तुम्ही, तरी सांगतो."

"विशाखा."

"लई उशीर केला, विशाखा."

"येते म्हणाले होते ना."

"पुंडलिकनगरच्या बाजूला राहता, एवढं मला मंगळवारपासनं ठाऊक होतं. विमान माझ्याकडनं गेलं की तुमच्याकडं वाजायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"नाव-गाव विचारायचं नाय म्हणल्या होत्या..."

तिला हसू आलं, आणि डोळेही भरले. काहीतरी चांगलंसं म्हणावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात गिरणीचे पत्रे थरथरले. संध्याकाळचं विमान. दोघांनी एकदम वर बघितलं.

या वेळी मोजायला आकडे लागले नाहीत.