मान डावीकडे

माझ्या आठवणीवर फारसा विश्वास ठेवू नका. आयुष्यभर मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, आणि आता सकाळी चष्मा कुठे ठेवला हे संध्याकाळी शेजाऱ्यांना विचारत फिरतो. त्या दिवशी लाँचवरचा कर्णा पिवळा होता की करडा, राजवाड्यात आधी दरबार पाहिला की आधी गच्ची, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. आवाज मात्र आठवतो. म्हणजे, आठवतो असं मला वाटतं. तोही मी मागाहून मनानंच भरून काढला असेल, ही शंका इतक्या वर्षांत माझी पाठ सोडत नाही. तेव्हा ऐका, आणि कुठे सांधा निखळला तर मला टोका. दिवा राहू द्या तेवढा.

सुरुवात अगदी साध्या कामापासून झाली. दाजींच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या, दवाखान्यात. दाजी दातांचे डॉक्टर. शेवटचा पेशंट गाल धरून निघून गेला होता आणि माझी भाची, जिला आम्ही चिमणी म्हणायचो, पेशंटच्या मोठ्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. खोलीत नेहमीचा लवंगेच्या तेलाचा वास होता. पुढच्या आठवड्यात चिमणी नोकरीसाठी दूरच्या गावी निघणार होती. त्याआधी शहराच्या स्थापनादिनाची सुट्टी येत होती, आणि तो दिवस तिला बाबा आणि मामा यांच्याबरोबर घालवायचा होता.

“सगळं ठरलंय,” ती म्हणाली. “सकाळी लाँच पकडायची. नदीतून वर, थेट राजवाड्यापर्यंत. तिथे डबा खायचा, राजवाडा बघायचा आणि उन्हं कलली की लाँचनंच परत. बाबा, नाही म्हणायचं नाही.”

दाजी हात धूत होते. पाणी वाहतच राहिलं.

“लाँच कशाला? सिनेमाला जाऊ. त्या राजवाड्यात आहे काय? राजाचे जोडे आणि राणीचा आरसा.”

“बाबा पाण्याला घाबरतात!”

“मी तर पेशंटच्या चुळीलाही घाबरतो,” दाजी म्हणाले, आणि ती खळखळून हसली. दाजींचं हे असंच असायचं. माणसाला हसवता हसवता ते दात उपटून मोकळे व्हायचे.

त्यांना नदी का नको होती हे मला ठाऊक होतं. चिमणी दोन वर्षांची असताना तिची आई, माझी ताई, त्याच नदीत बुडाली होती. चिमणीला आम्ही सांगितलं होतं, तापानं गेली. दाजींचाच तो आग्रह होता.

ताई दवाखान्यात दाजींच्या हाताखाली काम करायची. पेशंटची हनुवटी दोन बोटांनी धरून ती म्हणायची, “मान डावीकडे. हलायचं नाही. थोडंसं दुखेल.” दाजी चिडायचे. म्हणायचे, दुखणार नाही म्हणावं गं, माणसं पळून जातील! ताई म्हणायची, दुखणार असेल तर सांगायला नको?

त्या वर्षी याच सुट्टीत आम्ही राजवाड्याला गेलो होतो. त्याच्या थोडं आधी ताई मला एकट्याला गाठून म्हणाली होती, “पुस्तकराव, माझ्यासाठी एक खोली बघून ठेवा. मी आणि बाळ. तिसरं कोणी नाही.” ती मला पुस्तकराव म्हणायची, एकटीच. बोलता बोलता तिनं बाही खाली ओढली, पण मनगटावरचे निळे डाग मी पाहिले.

परतीच्या प्रवासात दाजी मोठ्या खुशीत होते. लाँचमध्ये उभे राहून त्यांनी ताईची नक्कल केली. “मान डावीकडे! हलायचं नाही! दुखणार नाही!” सगळी लाँच हसली आणि सगळ्यांनी माना वळवल्या. मीही वळवली. डावीकडे काहीच नव्हतं. उघडा काठ आणि एक बंद पडलेलं पंपघर. आम्ही परत वळलो तेव्हा ताईची जागा रिकामी होती.

चक्कर आली असेल, असं दाजी म्हणाले. खूप रडले. मी काही पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं. जे कोणी पाहिलंच नाही त्यावरून काय सिद्ध होतं, हे तर मी वर्गात मुलांना शिकवत होतो.

“जागाही राखून ठेवल्यात,” चिमणी सांगत होती. “फोनवर एक बाई होत्या, इतक्या गोड! बाबा उजव्या बाकावर, कडेला. मी आणि मामा डावीकडे, कारण परतताना उजवीकडून ऊन येतं आणि मामाचं डोकं चढतं, असं त्याच म्हणाल्या.”

“हे तू त्यांना सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगितलं असेल. नाहीतर त्यांना कसं कळणार?” ती म्हणाली. “आणि जागा चार आहेत. मी म्हटलं, अहो, आम्ही तिघंच. तर म्हणाल्या, असू दे, बाबांच्या शेजारची लागेल.”

दाजींनी नळ बंद केला. उन्हानं माझं डोकं चढतं हे लक्षात ठेवणारं माणूस जगात एकच होतं.

चिमणी डबे बघायला आत गेली तेव्हा मी हळूच म्हटलं, “दाजी, नको म्हणा. कारण सांगून टाका तिला.”

“काय कारण सांगू, प्रोफेसर?” ते टॉवेलनं एकेक बोट पुसत म्हणाले. “तुम्ही काय पाहिलंत ते तुम्हीच सांगा ना तिला. पाहिलं असेल तर.”

आत चिमणी गुणगुणत होती. त्या पोरीला बाप एवढा एकच उरला होता.

सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर ही गर्दी! लाँच खच्चून भरली, पण दाजींच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. एक गृहस्थ बसले आणि झटक्यात उठले. “ओली आहे हो,” म्हणाले आणि पँटचा मागचा भाग चाचपत पुढे गेले. मग एक मुलगी बसली, तीही उठली. बाकी सगळे बाक उन्हानं तापलेले.

“मामा, लवंगेचा वास येतोय का रे?” चिमणीनं विचारलं.

“मी आलो की दवाखाना माझ्यामागून येतोच,” दाजी पलीकडून म्हणाले. पण ते बाकाच्या अगदी टोकाला सरकून बसले होते.

लाँचवर आहोत तोवर चिमणीचा हात सोडायचा नाही, असं मी ठरवून टाकलं. जे काही येणार होतं ते फक्त दाजींसाठीच येईल याची मला कुठे खात्री होती?

राजवाड्यात पोचलो तसे दाजी पुन्हा रंगात आले. बागेत डबा सोडला, तेव्हा त्यांनी चिमणीला दातांनी अक्रोड फोडून दाखवला. कडाक् करून आवाज झाला. “साठी आली, पण एक दात हललेला नाही. बघून घे. दातांचा डॉक्टर असा असावा.”

“अहो बाबा, कवळीवाले पेशंट जळतील तुमच्यावर.”

“जळू देत. पैसे देऊन जळतात.”

मग वाटाड्या आम्हाला एका गोल दालनात घेऊन गेला. तिथली भिंत बोलते, असं त्यानं सांगितलं. एका टोकाला भिंतीशी कुजबुजलं की दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. लोक कान लावून हसू लागले. चिमणी एका बाजूला गेली, दाजी समोरच्या. मी जिथे होतो तिथेच भिंतीला कान टेकवला. दगड गार होता, आणि दमट. आधी नुसता शंखात येतो तसा घुमारा आला. मग त्यातून, अगदी कानाशी, कोणीतरी श्वास घेतला.

“परतताना…”

एवढंच. मी मागे सरकलो. समोर दाजी भिंतीपासून लांब उभे होते, कान तळहातानं झाकून. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

बाहेर येताच त्यांनी वाटाड्याला गाठलं. “इथून बस किती वाजता आहे?”

“आज कुठली बस, साहेब? शहराची सुट्टी. आज फक्त लाँच.”

“टॅक्सी? ट्रक? काहीही चालेल.”

“बाबा, असं काय करता?” चिमणी म्हणाली. “दिवस किती छान गेलाय! आई असती तर तिलाही आवडलं असतं. हो ना रे, मामा?”

“हो,” मी म्हटलं.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच विनवणी होती. मी चिमणीचा हात धरला आणि धक्क्याकडे चालू लागलो.

परतताना दाजींनी आमच्या बाकावर बसायचा प्रयत्न केला, पण आमच्या पलीकडे एक जाडजूड बाई मुलांना घेऊन ठाण मांडून बसल्या होत्या. मग ते लाँच चालवणाऱ्या सारंगाजवळ जाऊन उभे राहिले.

“बसून घ्या, काका!” सारंग ओरडला. “सुट्टीच्या दिवशी कोणी पाण्यात पडला तर माझी नोकरी जाईल. ती काय, दोन जागा रिकाम्या आहेत की!”

दाजी गेले आणि त्या दोनांपैकी एका जागेवर बसले.

ऊन तिरकं झालं होतं. इंजिनाची एकसुरी धडधड, डिझेलचा धूर, पेंगलेली मुलं. काठावरची झाडं संपली आणि उघडा भाग सुरू झाला. पंपघर लांबून दिसू लागलं तेव्हा लवंगेचा वास आला. नुसत्या लवंगेचा नव्हे. लवंग आणि बराच काळ साठलेल्या पाण्याचा. कर्ण्यात खरखर झाली. सकाळी त्यातून सारंगानं तिकिटं जपून ठेवा म्हणून खेकसून सांगितलं होतं. आता बाईचा आवाज आला, शांत, थोडा थकलेला.

“मान डावीकडे.”

लोक हसले. काहीतरी बघण्यासारखं असणार, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या.

“हलायचं नाही.”

“मामा,” चिमणी मान वळवून, हसत कुजबुजली, “अरे, ही तर फोनवरची बाई!”

मी वळलो नव्हतो. मी दाजींकडे पाहत होतो. ते बाकाची कड घट्ट धरून बसले होते आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायचं टाळत होते. हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं.

“पुस्तकराव,” कर्णा म्हणाला. “तुम्हीसुद्धा.”

माझ्या हनुवटीला दोन गार, ओली बोटं लागली. त्यांनी जोर केला नाही. ताई कधीच जोर करायची नाही. माझी मान डावीकडे वळली. उघडा काठ, पंपघर, त्याचं मोडकं दार. माझ्या एका हातात चिमणीचा हात होता आणि तो ऊबदार होता, एवढं मला आठवतं.

मागून दाजींचा आवाज आला, पेशंटसारखा, तोंड मिटता न येणाऱ्या माणसाचा. “नको… सांगतो… मी सगळ्यांना सांगतो…”

“आता कशाला?” ती म्हणाली. हा आवाज कर्ण्यातून आला नाही. “या वेळी दुखणार आहे.”

पाण्यात काही पडल्याचा आवाज झाला नाही. हे मी शपथेवर सांगेन. इंजिन तेवढं धडधडत राहिलं. मग हनुवटीवरची बोटं निघाली आणि सगळी लाँच झोपेतून उठल्यासारखी हलली. “काय होतं हो तिकडे?” कोणीतरी विचारलं. “काही नाही, पंपघर.”

दाजींची जागा कोरडी होती, उन्हानं तापलेली. शेजारच्या जागेवरून पाणी ठिबकत होतं.

चिमणीनं मारलेली हाक मी इथे सांगत नाही.

तिनं मला विचारलं ते पुष्कळ दिवसांनी. “मामा, आई तापानं गेली ना?” या खेपेला मी खरं सांगितलं, मला जेवढं ठाऊक होतं तेवढं. ती म्हणाली, “फोन ठेवताना त्या बाई म्हणाल्या होत्या, ‘चिमणे, स्वेटर घे, परतताना वारा असतो.’ मी त्यांना माझं हे घरचं नाव सांगितलंच नव्हतं.”

त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. दाजी नदीच्या खालच्या वळणाशी सापडले होते, पण सरकारी दवाखान्यातल्या लोकांनी आम्हाला चेहरा दाखवला नाही. पाण्यात होते, बघू नका, म्हणाले. मीही आग्रह धरला नाही. वर्षं गेली, आणि मी स्वतःला हळूहळू पटवत आणलं की एका घाबरट माणसाचा तोल गेला आणि दुसऱ्या घाबरट माणसाला भास झाला. तर्काला तेवढं पुरेसं होतं.

मग मोतीबिंदूच्या तपासणीला गेलो असताना रांगेत माझ्या शेजारी एक म्हातारे डॉक्टर येऊन बसले. बोलता बोलता कळलं की त्या वेळी सरकारी दवाखान्यात शवचिकित्सा तेच करायचे. मी भीत भीत दाजींबद्दल विचारलं. त्यांना लगेच आठवलं.

“त्यांची मान डावीकडे वळलेली होती,” ते म्हणाले. “मोडलेली नव्हती. मी दोनदा सरळ केली. हात काढला की सावकाश पुन्हा वळायची.” मग त्यांनी विचारलं, “ते कवळी वापरत होते का हो?”

“नाही,” मी म्हटलं. “का?”

“तोंडात एकही दात नव्हता. सगळे मुळासकट काढलेले, एकेक करून, अगदी सराईत हातानं. आणि हिरड्यांतून रक्त आलेलं होतं. म्हणजे काढताना माणूस जिवंत होता.”