दुसऱ्या डिशमधला उजेड

पटत नसेल तर सोडून द्या. पण हे घडलंय. अमरावतीत, गेल्या एप्रिलमधल्या एका भरदुपारी. भुताला रात्रच लागते, असं कोणी सांगितलं?

प्राजक्ता इथे पीएचडी करते. पेशीवर ताण आला की तिच्या आत काही दाहक रेणू तयार होतात. प्राजक्ताने बनवलेला रंग पेशीत शिरतो, आणि हे रेणू भेटले की हिरवा चमकतो.

पेशी मात्र जिवंत हवी. ते पडताळायला काचेच्या दोन छोट्या डिश ठेवायच्या. एकीत जिवंत पेशी, दुसरीत उष्णता देऊन मारलेल्या. ही दुसरी काळीच राहायला हवी, नाहीतर प्रयोग पाण्यात.

या पेशी रक्तातल्या, आणि ते रक्त सकाळीच मैनामामीने दिलं होतं, अकोल्याला परत जाता जाता. आई गेल्यावर प्राजक्ताला वाढवलं ते हिनेच.

"घे वं, पायजे तेवढं घे," म्हणाली.

सूक्ष्मदर्शकाची पाळी महिन्याने मिळालेली. चमक दिसावी म्हणून खोलीत मिट्ट काळोख. तेवढ्यात धर्मपालमामांचा फोन.

"मामीची तबेत लय बिघडली वं. दवाखान्यात आनलं. तुले बोलावून राहिली."

"निघाली मी, मामा. गाडीतच बसली."

धडधडीत खोटं. पाळी गेली तर पुन्हा महिना जाईल. तासाभरात निघू, असं तिने मनाला समजावलं.

फोन पुन्हा थरथरला. तिने उचलला नाही.

आणि... दुसऱ्या डिशमध्ये एक पेशी हिरवी झाली.

डिश बदलली असेल? तिने झाकणावरची खूण पाहिली.

मारलेल्याच होत्या.

फोन थरथरला... उजेड वाढला. फोन थांबला... उजेड मंदावला.

पळत सुटायचं सोडून या बाईने काय करावं? फोटो काढले!

मग फोन वाजायचाच थांबला. दुसरी डिश काळी झाली...

जिवंत पेशींची डिशसुद्धा.

ती अकोल्याला पोचली तेव्हा मामी गेली होती. मामांनी तिला आधी पाणी दिलं.

"तू येऊन राहिली, असं म्या सांगतलं तिले. तं म्हने, पोरगी गाडीत नाही. अंधारात बसून माह्याकडंच पाहून राहिली. तापात मानूस काहीबी बोलते. मनावर नको घेऊ, माय."

प्राजक्ताला मान वर करवेना. धरणीने पोटात घ्यावं, असं तिला झालं.

ते फोटो अजून तिच्याकडे आहेत. मेलेल्या पेशी का चमकल्या, ते तिला कळलेलं नाही. मामांना खरं सांगायला तोंडही उघडत नाही.

मामा मात्र येईल त्याला आजही सांगतात, "पोरगी तं गाडीतच होती, बिचारी."