कोपऱ्यातली खुर्ची

लिफ्टचं दार बंद होता होता एक भलामोठा स्क्रीन आत शिरला, आणि त्याच्यामागून तो धरणारा माणूस. चादरीत गुंडाळलेलं ते धूड त्याने तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं.

“सहावा मजला दाबता? हात गुंतलेत...”

“मलाही तिथंच जायचंय.” तिने बटण दाबलं. चादरीचं लोंबणारं टोकही वर खोचलं. तो इतका मनापासून हसला, की तिला सहा मजले फारच कमी वाटले.

सुनावणीच्या खोलीत तो समोरच्या पक्षाच्या टेबलाशी जाऊन बसला. म्हणजे हाच तो इंजिनिअर! बाजूने पाहिलं तरी चित्र काळं पडू नये, असा स्क्रीनवरचा पातळ थर त्याने सहा वर्षं खपून बनवला होता. त्याचं पेटंट तिच्याच अशिलाने रद्द करवलं होतं. ‘बाजूने काही दिसतच नाही,’ एवढंच त्यांचं म्हणणं. आजचं अपील ही त्याची शेवटची संधी होती.

स्क्रीन सुरू झाला. ज्युनिअर वकील म्हणून तिला नेहमीची कोपऱ्यातली, भिंतीला चिकटलेली खुर्ची मिळाली होती. अपील ऐकणाऱ्या अध्यक्षबाईंची नजर नेमकी तिथंच थांबली.

“सगळ्यांत बाजूला तुम्ही बसलाय. काय दिसतंय?”

तिच्या सरांनी घसा खाकरला. त्या खाकरण्याचा अर्थ तिला पाठ होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! पण दिसत होतं ते दिसत होतं.

“लाल सायकल,” ती म्हणाली. “घंटीवर ओरखडा आहे. तोही दिसतोय.”

अपील मंजूर झालं. “उद्या येताना राजीनामा टाइप करून आण,” एवढंच बोलून सर जिन्याने निघून गेले.

लिफ्टपाशी तो उभा होता, पुन्हा स्क्रीन कवेत घेऊन.

“माझ्यासाठी केलंत?”

“छे! सायकल दिसली नसती, तर ‘नाही’ म्हणाले असते. तुमच्या तोंडावर.”

“माहितेय. म्हणून तर...” त्याचे कान लाल झाले. “सकाळीच आवडला होतात. आता — आता फारच आवडलात.”

तिला हसू आवरेना. नोकरी गेल्याच्या दिवशी माणूस इतका खूश असतो का कुठं?

“उद्या दहाला राजीनामा द्यायचाय,” चादरीचं टोक पुन्हा खोचत ती म्हणाली. “साडेदहापासून मोकळी आहे.”

लिफ्ट आली. बटण दाबायची घाई मात्र या वेळी कुणीच केली नाही.